दुसरीच्या वर्गातला चित्रकलेचा तास नेमका कशासाठी?

शाळेच्या वेळापत्रकात कलेचा तास असतो. तो होतो का, हा वेगळा प्रश्न. बहुतेक ठिकाणी तो दिवसाच्या शेवटी, आठवड्याच्याही शेवटी टाकलेला असतो. गणिताचा धडा मागे पडला, शिष्यवृत्तीचा सराव राहिला, ऑनलाइन माहिती भरायची मुदत उद्यावर आली, की पहिली गदा त्याच्यावर येते. गणिताचे दोन तास बुडाले तर पालक शाळेच्या दारात येऊन उभे राहतात. चित्रकलेचे दहा बुडाले तरी मुलं सोडून कुणाच्या लक्षातही येत नाही.

कलेची बाजू घेणारेही याला थोडे जबाबदार आहेत. कला कशाला शिकवायची असं विचारलं की त्यांच्याकडून ठरलेली उत्तरं येतात: सर्जनशीलता वाढते, सर्वांगीण विकास होतो, उजवा मेंदू तल्लख होतो, अभ्यासात गती येते. पहिली दोन इतकी मोघम आहेत की मान डोलवून पुढे जाता येतं. तिसरं चूकच आहे. चित्र काढताना काय आणि गणित सोडवताना काय, मेंदूचे दोन्ही अर्धे कामाला लागलेले असतात. चौथ्याचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे, त्याकडे येऊच. पण आधी मूल चित्र काढत असतं तेव्हा काय चाललेलं असतं ते पाहू. कलेच्या तासाचं खरं मोल तिथे आहे, आणि नेमकं तेच पालकसभेत कुणी सांगत नाही.

बाजाराचं चित्र

दुसरीतल्या मुलाने काढलेलं आठवडी बाजाराचं एक चित्र घेऊ. कागदाच्या मधोमध आडवा रस्ता. वरच्या बाजूची दुकानं सरळ उभी. खालच्या बाजूची मात्र उलटी, म्हणजे त्यांचे बांबू रस्त्याला टेकलेले आणि ताडपत्री कागदाच्या खालच्या कडेला. टोमॅटोचे ढीग वरून पाहिल्यासारखे, गोलात गोल. त्यांच्याच शेजारचा तराजू समोरून पाहिल्यासारखा. टेम्पोची चारही चाकं दिसतात. आई टेम्पोपेक्षा उंच. तिच्या हातातली पिशवी बंद आहे, तरी आतली मेथीची जुडी, कांदे आणि शेवेचा पुडा स्वच्छ दिसतो. चित्रकार स्वतः आईच्या बोटाला धरून. त्याच्या दुसऱ्या हातातला फुगा त्याच्या डोक्याच्या दुप्पट.

मोठ्या माणसाला यात सात-आठ चुका दिसतील. खरं तर ही सात-आठ उत्तरं आहेत. रस्त्याने चालताना दोन्हीकडची दुकानं रस्त्याला धरूनच उभी असतात. मग कागदावरही दोन्ही रांगांचे पाय रस्त्यालाच टेकले पाहिजेत, त्यापायी एक रांग उलटी झाली तरी चालेल. ढीग गोल असतो हे वरूनच कळतं, म्हणून तो वरून. तराजूची दोन पारडी समोरूनच कळतात, म्हणून तो समोरून. टेम्पोला चाकं चार असतात, दोनच दाखवली तर ते खोटं होईल. पिशवीत काय आहे हे त्याला माहीत आहे, मग ते लपवायचं कशाला? आणि आई मोठी, कारण बाजारात आई हरवली तर काय होईल याची त्याला पुरती कल्पना आहे.

फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके याने आपल्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपून ठेवली आणि त्यांचा अभ्यास केला. 1927 साली आलेल्या पुस्तकात त्याने जे मांडलं ते आजही बालचित्रांच्या अभ्यासाचा पाया मानलं जातं: लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड या मूळच्या ऑस्ट्रियातल्या आणि नंतर अमेरिकेत गेलेल्या शिक्षकाने 1947 साली या प्रवासाचे टप्पे लावून दिले. दोन ते चार वर्षं रेघोट्यांची. चार ते सात या काळात गोलाला डोळे फुटतात आणि थेट डोक्यालाच पाय लागतात. धड नंतर येतं. सात ते नऊ या वयात प्रत्येक वस्तूचं एक पक्कं चिन्ह ठरतं: झाड असं, घर असं, माणूस असा. कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वरच्या कडेला आभाळाची निळी पट्टी येते आणि दोघांच्या मधली जागा कोरी राहते. तिथे आभाळ का नाही असं विचारा, मूल म्हणेल, 'आभाळ वर असतं ना!' वयं थोडी मागेपुढे होतात, पण क्रम बहुधा हाच.

हा क्रम शिक्षकाला माहीत असणं फार उपयोगाचं आहे. पहिलीतल्या मुलाच्या चित्रात माणसाला मान नाही म्हणून त्याला टोकणं, हे त्याच्या वयाला टोकणं आहे.

आता यातून शिकणं कुठलं झालं? एक तर, कागदावरची खूण ही एखाद्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते, ही कल्पनाच मूल चित्रातून पहिल्यांदा पचवतं. आपण काढलेला गोल म्हणजे आई. ही गोष्ट साधी वाटते, पण वाचनाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. 'आई' ही दोन अक्षरं दिसायला आईसारखी अजिबात नाहीत, तरी ती तिच्या जागी उभी राहतात. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की याने हावभाव, खेळ, चित्र आणि लेखन ही एकाच वाटेवरची मुक्कामाची ठिकाणं मानली होती. बालवाडीत चित्राला फाटा देऊन थेट बाराखडी गिरवायला बसवणारी शाळा, वेळ वाचवण्याच्या नादात मधलं गावच गाळते.

दुसरं म्हणजे निर्णय. शाळेच्या दिवसातला बाकीचा बहुतेक वेळ मूल दुसऱ्याने ठरवलेल्या उत्तरापर्यंत पोहोचण्यात घालवतं. सात अधिक पाच बाराच, 'क' असाच काढायचा. ते तसंच असायला हवं. पण बाजाराच्या चित्रात कुठून सुरुवात करायची, कोण मोठं, कोण लहान, काय गाळायचं, जागा संपली तर टेम्पो कुठे उभा करायचा, हे सांगायला कुणी येत नाही. अर्ध्या तासात सात वर्षांचं मूल असे कितीतरी निर्णय घेतं, त्यातले काही फसतात, आणि फसलेल्याचं काय करायचं हेही तेच ठरवतं. खोडरबर न देता चित्र काढायला लावून पाहा. चुकलेल्या रेघेची कुठे साडी होते, कुठे कुत्र्याची शेपूट.

तिसरी गोष्ट बोलण्याची. चित्र झाल्यावर 'हे काय काढलंयस?' असं विचारलं तर मूल ओशाळतं, कारण प्रश्नातच न ओळखल्याचा सूर असतो. 'टेम्पोत कोण बसलंय?' असं विचारलं की पाच मिनिटांची गोष्ट निघते. वर्गात एरवी तोंड न उघडणारं मूल, ज्याची घरची बोली भिल्ली, कोरकू किंवा बंजारा आहे आणि ज्याला पुस्तकातली मराठी परकी वाटते, ते स्वतःच्या चित्राबद्दल मात्र बोलतं. बोट ठेवायला कागद असतो, शब्द अडला तर बोट दाखवता येतं.

फळ्यावरचं झाड

हे सगळं घडण्यासाठी एक अट आहे: चित्र मुलाचं असलं पाहिजे. नेहमीचा तास मात्र असा जातो. बाई किंवा सर फळ्यावर दोन डोंगर काढतात, मधून उगवता सूर्य, खाली झोपडी, नदी, बाजूला नारळाचं झाड. मुलं ते उतरवतात. तासाच्या शेवटी चाळीस वह्यांमध्ये चाळीस सारखे सूर्य. यवतमाळच्या ज्या मुलाने नारळाचं झाड फक्त चित्रातच पाहिलंय, त्याच्याही वहीत तेच. अशा तासाने सर्जनशीलता वाढते असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप आहे. हस्ताक्षर सुधारत असेल फार तर.

ही सवय आली कुठून, याला थोडा इतिहास आहे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर इंग्रज सरकारला आपल्या कारखानदारी मालाची घडण सुधारायची होती. त्यातून साउथ केन्सिंग्टनची चित्रशिक्षण पद्धत उभी राहिली: आधी सरळ रेघ, मग वक्र रेघ, मग भूमिती, मग नमुन्यावरून नक्कल. हेतू कारागिराचा हात आणि डोळा तयार करण्याचा होता, लहान मुलाचा विचार त्यात नव्हता. मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टवर या पद्धतीची छाप पडली आणि तिथून ती आपल्या शाळांच्या चित्रकलेत झिरपली.

आपल्याकडच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा याच घराण्यातल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. त्यांना नावं ठेवण्याची पद्धत आहे, पण मी ठेवणार नाही. सातवी-आठवीच्या मुलाला समोरचा तांब्या आणि दोन वांगी नीट बघायला लावणारी दुसरी कुठली व्यवस्था आपल्याकडे आहे? खेड्यातल्या कित्येक मुलांना पहिला चांगला ब्रश या परीक्षेच्या निमित्ताने मिळाला. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात (अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3), त्यामुळे आता गर्दी गुणांसाठी होते, हे खरं. माझी तक्रार एवढीच की बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठीची ही शिस्त खाली सरकत सरकत पहिली-दुसरीत येऊन बसली.

उलट टोकाचाही एक पंथ आहे. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक याने 1897 साली मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला, जिथे शिकवणं जवळपास नव्हतंच. मुलांना साहित्य द्यायचं आणि बाजूला व्हायचं. नक्कल करून घेण्याला कंटाळलेल्या शिक्षकांना हे फार आवडतं. पण तेही पाचवीपर्यंत पुरत नाही. नऊ-दहा वर्षांच्या आसपास मुलाला स्वतःच्या चित्राची लाज वाटायला लागते. आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. शेजारच्या मुलीचा जमलाय, हेही दिसतं. या वयात 'काढ काहीही, तुला हवं ते' असं म्हणून सोडून दिलं तर ते ठरवून टाकतं: मला चित्र येत नाही. आपल्यातली बरीच मोठी माणसं अजूनही पाचवीतल्या मुलासारखीच चित्रं काढतात, कारण बहुतेकांनी हे वाक्य त्या वयात उच्चारलं आणि पुन्हा पेन्सिल धरली नाही.

म्हणून माझ्या मते तिसरीपर्यंत मोकळीक जास्त आणि चौथीपासून थोडं थोडं बघायला शिकवणं, असा मार्ग बरा. बघायला शिकवणं म्हणजे काय? पायातली चप्पल काढून बाकावर ठेवायची. पाच मिनिटं पेन्सिलीला हात लावायचा नाही. अंगठ्याचा पट्टा तळव्यातून कुठून निघतो? अगदी टोकातून की थोडा मागून? टाच कुठल्या बाजूने जास्त झिजली आहे? आपली आणि शेजाऱ्याची चप्पल सारखीच झिजते का? मग काढायचं. चित्र सुबक येईलच असं नाही, पण वर्गातल्या प्रत्येकाची चप्पल वेगळी येते, आणि ती फळ्यावरून उतरवलेली नसते.

अभ्यासात मार्क वाढतात का?

आता त्या चौथ्या उत्तराकडे. कलेने इतर विषयांत प्रगती होते हा दावा इतक्या आत्मविश्वासाने केला जातो की त्याची जरा तपासणी करायला हवी.

सगळ्यात गाजलेली गोष्ट मोझार्टची. 1993 साली 'नेचर' या विज्ञान पत्रिकेत एक छोटा प्रयोग छापून आला. छत्तीस कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकवली, तेव्हा त्यांनी लगेच दिलेल्या आकारांच्या कोड्यात जरा बरी कामगिरी केली. परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. मुलांचा त्यात संबंध नव्हता, शिकण्याचाही नव्हता. पण बातमी फिरत फिरत 'संगीताने बाळ हुशार होतं' अशी झाली, आणि 1998 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीत पोहोचवण्यासाठी सरकारी पैशाचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीडी कशा खपतात हे माहीत असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

2000 साली एलन विनर आणि लोइस हेटलँड या दोन अमेरिकी संशोधिकांनी तोवर झालेला कलाशिक्षणाचा ढीगभर अभ्यास एकत्र करून तपासला. ज्या मुलांनी शाळेत कला घेतली होती त्यांना परीक्षेत जास्त गुण होते, हे दिसलं. पण कलेमुळे गुण वाढले, असं दिसलं नाही. या दोन वाक्यांतला फरक महत्त्वाचा आहे. ज्या शाळेत कलाशिक्षक, रंगसाहित्य आणि रिकामी खोली आहे, त्या शाळेत बहुधा ग्रंथालयही असतं, वर्गात मुलं कमी असतात आणि पालकांच्या खिशात चार पैसे जास्त असतात. गुण त्यामुळेही वाढलेले असू शकतात. त्यांना ठोस दुवा सापडला तो मोजक्या ठिकाणी, आणि त्यातला शाळेच्या सगळ्यात उपयोगाचा होता नाटकाचा: वर्गात गोष्टीचं नाट्यीकरण करणाऱ्या मुलांची भाषा खरोखर सुधारते. चित्रकलेने गणित किंवा वाचन सुधारतं याला तेव्हा पुरावा मिळाला नाही. कलेच्या चाहत्यांना हे निष्कर्ष चांगलेच झोंबले. गंमत म्हणजे या दोघी स्वतः कलेच्या बाजूच्या होत्या.

याहून भक्कम पुरावा हवा तर चिठ्ठ्या टाकून तुलना करावी लागते, आणि तसा एक मोठा प्रयोग टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात झाला. 42 शाळा, तिसरी ते आठवीची 10,548 मुलं. चिठ्ठी निघालेल्या शाळांना जास्तीचं कलाशिक्षण मिळालं: शहरातले कलावंत शाळेत आले, मुलं नाटकं-प्रदर्शनं पाहायला गेली. बाकीच्या शाळा होत्या तशाच चालल्या. 2019 साली निष्कर्ष आले. कलेच्या शाळांमध्ये शिस्तभंगाच्या कारवाईला सामोरं जावं लागणाऱ्या मुलांचं प्रमाण 3.6 टक्के-गुणांनी घटलं, लेखनाच्या चाचणीतले गुण थोडे वाढले, आणि दुसऱ्याबद्दलची आपुलकीही किंचित वाढलेली दिसली. गणितात आणि वाचनात सांगण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे फायदा झाला नाही, तसंच कलेला वेळ दिला म्हणून नुकसानही झालं नाही. मला यातला नुकसान न होण्याचा भागच जास्त मोलाचा वाटतो, कारण आपल्या शाळांत कलेचा तास कापला जातो तो नेमका या भीतीने.

एक वेगळा, छोटा पण रंजक निष्कर्ष कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातला आहे. लोकांना एकेक शब्द दाखवला आणि चाळीस सेकंद दिले. काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. नंतर न सांगता विचारलं, कुठले शब्द आठवतात? चित्र काढलेले शब्द बरेच जास्त आठवले. चित्र वाईट आलं होतं तरीही. 2016 साली छापलेला हा प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, तेव्हा त्यावरून दुसरीच्या वर्गाबद्दल छातीठोकपणे बोलता येणार नाही. पण शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगणाऱ्या शिक्षकाने एकदा करून बघायला हरकत नाही. खर्च शून्य आहे.

या सगळ्यातून मी काढलेला अर्थ असा: कलेने गणित सुधारतं हे सांगून कलेचा तास वाचवू नये. उद्या कुणीतरी म्हणेल, मग सरळ गणितच शिकवा ना! आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. गणिताच्या शिक्षकाला कुणी विचारत नाही की अपूर्णांकांनी मुलांची चित्रकला सुधारते का. बाजाराच्या चित्रात मूल जे शिकतं, ते शिकायला दुसरा तास नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

सेवाग्राम आणि कोसबाड

यासाठी पैसा लागतो, सोयी लागतात, हे खेड्यातल्या शाळेला परवडणारं नाही, असा आक्षेप येतो. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली: शिक्षण हाताच्या कामातून, सूतकताई, शेती, सुतारकाम यांच्या आधाराने. त्यात कलेला जागा कुठे? ती जागा तयार केली देवी प्रसाद यांनी. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकून ते 1944 साली सेवाग्रामला आले आणि 1962 पर्यंत तिथे मुलांना कला शिकवत राहिले. कला हा शिक्षणाचा एक विषय नसून त्याचा पाया आहे, ही त्यांची भूमिका. ते स्वतः उत्तम कुंभार होते. माती, गेरू, साधा कागद एवढ्यावर त्यांचा वर्ग चाले.

दुसरं ठिकाण डहाणू तालुक्यातलं कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 साली सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर आणलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून येणार? त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे घेतले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. गुरं राखायला गेलं असेल तर कुरणात नेली.

त्याच डहाणूच्या परिसरात घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात काढायचं चौकोनी चित्र, लिहिला जातो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही वारली चित्रकला कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता शहरातल्या शाळांमध्ये 'वारली' हा एक उपक्रम असतो: तपकिरी कार्डशीट, पांढरा पोस्टर कलर, दोन त्रिकोण जोडले की माणूस, तारपा या वाद्याभोवती गोल नाच. फळ्यावरच्या नारळाच्या झाडासारखंच. वारली चित्रकार आपल्या पाड्यावरचं भाताचं खळं काढतो. पुण्यातल्या मुलाने दोन त्रिकोणांची माणसं घेऊन पीएमपी बसची गर्दी काढली, तर ते वारलीच्या जास्त जवळ जाईल.

साहित्याचा खर्च हा खरं तर बहाणा आहे. कोळसा, विटेचा तुकडा, शाळेची फरशी, पाठकोरे कागद, लग्नपत्रिकांची मागची बाजू, कापलेल्या भेंडीचा ठसा, पोळ्याच्या आधी बैलांसाठी आणलेली माती. ठिपक्यांची रांगोळी तर फुकटचा भूमितीचा वर्ग आहे. 'सात ते चार'ची रांगोळी घ्या: मधल्या ओळीत सात ठिपके, वर-खाली सहा, पाच, चार. ठिपके किती झाले, विचारा. कुणी एकेक मोजून 37 म्हणेल, कुणी वरची बाजू मोजून दुप्पट करेल आणि मधली ओळ दोनदा धरल्यामुळे फसेल. मुलग्यांनाही बसवा, म्हणजे घरी जाऊन सांगतील.

शिकवणार कोण?

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे ठरावीक वेळापुरत्या शिक्षकाची तरतूद आहे, पण सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी वेगळा कलाशिक्षक कायद्याने धरलेलाच नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य या चारही कला सर्व टप्प्यांवर विषय म्हणून असाव्यात असं म्हटलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर विषय कलेच्या अंगाने शिकवण्यावर भर दिला. एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने 2024 साली तिसरीसाठी 'बांसुरी' आणि सहावीसाठी 'कृति' अशी कलेची पाठ्यपुस्तकंही काढली. कागद भरपूर आहेत. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारे गुरुजी तेवढे तिथेच आहेत.

तेव्हा प्राथमिक शाळेत कला शिकवणार तो वर्गशिक्षकच, ज्याचं पहिलं वाक्य असतं, 'मलाच चित्र येत नाही हो.' पहिली ते तिसरीसाठी हे वाक्य अडचणीचं नाही, उलट सोयीचं आहे. चित्र न येणारा शिक्षक फळ्यावर काढून दाखवायच्या मोहात पडत नाही. त्याने करायचं ते असं. विषय मुलांच्या अनुभवातला द्यायचा, आणि तो वस्तूचा न देता घटनेचा द्यायचा: 'झाड' नको, 'झाडावर चढलो तेव्हा' असं. काढण्याआधी पाच-सात मिनिटं नुसत्या गप्पा मारायच्या. कोण चढलं, कुठे खरचटलं, खाली कोण ओरडत होतं. मग पंचवीस मिनिटं गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ मारायची नाही, एकही नाही. शेवटी चार-पाच मुलांनी आपलं चित्र दाखवून बोलायचं, पुढच्या वेळी दुसऱ्या चार-पाच जणांनी. चौथी-पाचवीला चपलेसारखे बघण्याचे तास मधूनमधून घालायचे. तबला-पेटी नसली तरी कविता हाताच्या ठेक्यावर म्हणता येते, आणि भाषेच्या तासाला धडा उभं राहून करून दाखवला तर नाट्याचं काम परभारे होतं.

राहिलं मूल्यमापन. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कलेला वर्णनात्मक नोंद लिहायची असते, आणि नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या मोबाइलवर फिरत असतात. 'चित्रात योग्य रंग भरतो.' योग्य म्हणजे कुठले? बाजारातला फुगा हिरवा असला तर? 'चित्रकलेत आवड दर्शवते' ही नोंद तर वर्गातल्या कुठल्याही मुलीला चालते. त्यापेक्षा 'जूनमध्ये माणसाला हात नव्हते, ऑक्टोबरपासून बोटं काढतो' असं एक वाक्य लिहिलं तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीतरी कळेल. त्यासाठी कागद जपायला हवेत. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने सांगितलेलं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच बोलीत. एका मुलाची वर्षाची चित्रं एका मोठ्या पाकिटात मावतात. श्रेणी, तारे आणि 'गुड'चे शिक्के नकोत. पहिल्या रांगेतल्या दोन मुलांना तारा मिळाला की मागच्या बाकावरचं मूल पुढच्या आठवड्यात त्यांचंच चित्र उतरवायला लागतं. पालकांना शाळेत बोलावून निकालपत्रक देताना हे पाकीटही हातात द्यावं, आणि जूनचा व मार्चचा कागद शेजारी शेजारी ठेवून मुलालाच त्यावर बोलू द्यावं.